दुसरं टोक

वास्कोत वाळत घातलेलं काहीच
पांढरं राहत नाही.
बंदरावरून कोळशाची भुकटी येते,
दोरीवर बसते, तुळशीवर, क्लेमेंतीनच्या खुर्सावर,
आणि समोरच्या दारातल्या बलकार सिंगांच्या
मोतिया पगडीवर.
तरी माणूस हट्टानं मोतियाच घेणार.
"चोवीस वर्षं क्रेन चालवली," म्हणतो,
"काळं पुष्कळ बघून झालं."

निहाल कौर चिखलीच्या इस्पितळात गेली.
सगळं उरकून पाहुणे परत गेले,
त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेसहाला बेल.
दारात तो. केसांवर लहान फडकं,
हातात सहा मीटर ओलसर रुबिया.
"भाभीजी, एक टोक धरता?"

मी बांगडे साफ करत होते.
हात तीनदा धुतले, चौथ्यांदा हुंगले.

तो लिफ्टकडे, मी जिन्याकडे,
मधे कापड.
"ओढा. हिसका नको. ताण ठेवा फक्त."
घडीवर घडी बसत गेली
आणि मला विहिरीवरची माझी बहीण आठवली:
आईचं लुगडं पिळताना
ती एका टोकाला, मी एका.
दोघींनी उलट फिरवायचं असतं,
एकाच बाजूला फिरवलं तर
पाणी निघत नाही.

मग तो आरशासमोर जायचा, दार उघडंच.
टोक दातांत धरलं की गप्प.
बाकी दिवसभर बोलतो तो,
पंजाबी, हिंदी, मोडकी कोंकणी,
पण त्या चार मिनिटांत
निहाल कौर त्याला काय सांगायची
ते मी कधी विचारलं नाही.

मुलीच्या बाळंतपणाला मी फोंड्याला गेले, दीड महिना.
याचं कसं होणार म्हणून जीव खाली-वर.
परत येते तर
क्लेमेंतीन मिसाला निघताना टोक धरून जाते,
गुडघे दुखतात म्हणून तिला खुर्ची,
आणि गॅसवाला अफझल सिलिंडर खाली ठेवून
माझ्यापेक्षा सरळ घडी घालतो.
थोडं वाईट वाटलं मला.
खोटं कशाला सांगू.

दिवाळीनंतरच्या मीटिंगला
सेक्रेटरी कुंकळयेकारांनी चार टाइल्स आणल्या:
गणपती, येशू, मक्का,
आणि हात उचललेला पांढऱ्या दाढीचा गुरू.
जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक.
"सर्वधर्मसमभाव झाला," म्हणाले,
"आणि पान थुंकणाऱ्यांचा बंदोबस्तही."
टाळ्या पडल्या. माझ्याही.
(सगळ्यांत जुना लाल डाग आमच्या ह्यांचा,
दुसऱ्या वळणावर.)

बलकार सिंग उभा राहिला.
"माझ्या गुरूला थुंकीच्या पहाऱ्यावर बसवू नका."
"बाकीचे बसलेत की," कुणीतरी हसलं.
आणि मागून, फार मोठ्यानं नाही:
"बाहेरून आलेल्यांना लगेच लागतं."

मी त्याच्या शेजारच्याच खुर्चीवर होते.
बांगडी फिरवत राहिले.
चहा आला. मीटिंग संपली.

सकाळी साडेसहाला बेल.
येणार नाही असं वाटलं होतं.
मी टोक धरलं, नजर फरशीवर,
कापड मधेच पोटाला लोंबलं.
"ताण," तो म्हणाला.
"भाभीजी, ताण ठेवा."

गुरूची टाइल त्यानं त्याच रात्री काढली,
छिन्नीनं, कपरासुद्धा न उडवता.
आठवड्यानं येशू गेला,
क्लेमेंतीनच्या एप्रनमध्ये गुंडाळून.
मक्का कुणी उतरवली माहीत नाही.
अफझल विचारलं की शिट्टी वाजवतो.
भिंतीवर तीन उघडे चौकोन,
सिमेंटचे, राखाडी.
त्यांच्यावर अजून कुणी थुंकलेलं नाही.

गणपती आहे.
दुसऱ्या वळणावर, ह्यांच्या डागाच्या वर.
तो उतरवायचा तर मलाच उतरवावा लागेल,
आणि घरात सांगावं लागेल, का ते.

छिन्नी बलकार सिंगाकडे आहे.
उद्या, घडी घालून झाली
की मागेन म्हणते.
टोक दातांत धरायच्या आधी.